छत्तीस फोटो आणि एक साडू

माझ्या मेहुणीचा फोटो चांगला आला आणि माझ्या घरातली शांतता गेली.

मेहुणी म्हणजे बायकोची थोरली बहीण. स्वभावाने फार चांगली, पण फोटोत ती चांगली आल्याचे आजवर कोणाच्या ऐकिवात नव्हते. तिचे डोळे तरी मिटलेले असत किंवा तोंड तरी उघडे असे, आणि कधी कधी दोन्ही. त्यामुळे एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि दिवाणखान्यात तिचा हातभर मोठा काळा-पांढरा फोटो दिसला, तेव्हा मला आधी वाटले की हे दुसरेच कोणीतरी असावे. बाई खिडकीशी बसली होती, एका गालावर उजेड होता, आणि ती काहीतरी छान आठवत असावी असे वाटत होते. मेहुणीला छान काही आठवताना मी कधी पाहिले नव्हते. तिला नेहमी गॅस बंद केला की नाही हेच आठवते.

माझी बायको त्या फोटोसमोर उभी राहिली ती राहिलीच. मी घड्याळ पाहिले. चार मिनिटे. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षे झाली. मी केलेल्या कुठल्याही गोष्टीकडे तिने चार मिनिटे पाहिलेले नाही. मी स्वयंपाकघरात स्वतःच्या हाताने फळी ठोकली, तेव्हा तिने एकदा पाहिले आणि खालच्या काचेच्या बरण्या मुकाट्याने दुसरीकडे हलवल्या.

"कोणी काढला गं?" तिने विचारले.

"यांनीच. जुना कॅमेरा काढलाय ना माळ्यावरून, रोलवाला," मेहुणी म्हणाली.

'हे' म्हणजे माझे साडू. ते कोपऱ्यात नम्रपणे उभे होते. साडूंचे सगळे मी सहन करू शकतो, पण त्यांची नम्रता सहन होत नाही. ते बँकेतून लवकर निवृत्त झाले, केस अजून काळे आहेत, गुडघे दुखत नाहीत, आणि हे सगळे असूनही नम्र. साडू हे नातेच मुळात चमत्कारिक. दोन परके पुरुष एकाच घरातल्या दोन बहिणींशी लग्न करतात आणि पुढे जन्मभर एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसून राहतात. आमच्या तराजूत माझे पारडे कायम वर. वरच्या पारड्यात बसणाऱ्याचे वजन कमी असते, हे सांगायला नको.

"काही नाही हो," साडू म्हणाले. "फोनवर आपण नुसते दाबत सुटतो. रोलमध्ये छत्तीसच फोटो. त्यामुळे माणूस थांबतो. फिल्म माणसाला थांबायला शिकवते."

"किती छान बोललात भावजी," बायको म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्पष्टच सांगतो, मला हेवा वाटला. जे आहे ते आहे.

आता मला फोटो काढता येत नाहीत असे नाही. माझ्याइतके फोटो त्या घरात कोणी काढले नसतील. मी वीजमीटर तपासणीच्या खात्यात आहे. रोज साठ-सत्तर मीटरांचे फोटो मी फोनवर काढतो, आणि प्रत्येकात आकडा वाचता येतो. माझ्या फोनमध्ये अकरा हजार फोटो आहेत. त्यात बायकोचेही आहेत, फक्त ते मीटरांच्या मधेमधे आहेत. तिने एकदा स्वतःचा चांगला फोटो शोधायला घेतला होता. पाऊण तासाने तिने फोन परत दिला आणि म्हणाली, "दोन सापडले. एकात तुमचा अंगठा आहे, आणि दुसऱ्यात मी नाहीये, तीन फेजचा मीटर आहे."

हे सगळे पोटात ठेवून मी गप्प बसलो असतो. पण त्याच महिन्यात बायको वाचनालयाची प्रमुख ग्रंथपाल झाली. त्या वाचनालयाच्या मोठ्या खोलीत आजवरच्या सात प्रमुखांचे फोटो ओळीने टांगलेले आहेत. सातही पुरुष, आणि सातही जण पुस्तक वेळेवर परत न केलेल्या माणसाकडे बघावे तसे बघतात. आठवा खिळा रिकामा होता. तिथे माझ्या बायकोचा फोटो लागणार होता, आणि तो कायमचा राहणार होता. आमच्यानंतरही.

"भावजींनाच सांगते," ती म्हणाली. "त्यांच्याच कॅमेऱ्यावर काढू देत."

"मी काढतो," मी म्हणालो.

"तुम्ही?"

या एका शब्दात तिने जो प्रश्न घातला, तो मी अजून विसरलेलो नाही.

"रोलवर काढतो," मी म्हणालो. अशा वेळी माणसाचे तोंड त्याच्या पुढे दोन पावले चालत असते.

तडजोड अशी ठरली की येत्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी दोघांनीही काढावेत, आणि जो चांगला येईल तो भिंतीवर लागावा. बायको म्हणाली, "यात शर्यत नाही हं." मी म्हणालो, "छे छे." साडू फोनवर म्हणाले, "उत्तम! तुम्हीही या वाटेला आलात याचा मला फार आनंद झाला." त्यांना खरेच आनंद झाला होता. म्हणून तर राग येतो.

माझ्याकडे कॅमेरा नव्हता. तो आमच्या वरच्या मजल्यावर निघाला. तिथले काका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, म्हणून सगळी इमारत त्यांना प्रयोगकाका म्हणते. त्यांनी कॅमेरा दाखवला, पण हातात दिला नाही. आधी एक कागद दिला. त्यावर अकरा अटी सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या होत्या. कॅमेरा घेऊन जिना उतरताना बोलू नये. कॅमेऱ्याजवळ शिंकू नये. फोटो वाईट आल्यास दोष कॅमेऱ्याला देऊ नये. मी सही केली. त्यांनी खाली दोन साक्षीदार मागितले. समोरच्या घरातले शिंपी आणि तळमजल्यावरच्या मावशी, अशा दोघांच्या सह्या झाल्यावर कॅमेरा माझ्या गळ्यात पडला.

रोल मिळवताना जोडे झिजले. पासपोर्टचे फोटो काढणाऱ्याने मला आपादमस्तक न्याहाळले आणि म्हणाला, "रोल? साहेब, तब्येत बरी आहे ना?" मग त्याने खणाच्या तळातून एक काळा-पांढरा रोल काढून दिला. तो एकच होता. साडू वापरतात त्याच जातीचा, हे पाहून मला बरे वाटले. हत्यारे तरी बरोबरीची हवीत.

एकच रोल असल्यामुळे सराव रोलशिवाय करायचा ठरला. दोन आठवडे मी रिकामा कॅमेरा घेऊन इमारतीत हिंडत होतो. प्रत्येक फोटोनंतर मी सवयीने कॅमेऱ्याची मागची बाजू बघत असे. तिथे नुसते काळे चामडे. तळमजल्यावरच्या मावशी ठेवणीतले कपडे घालून गॅलरीत तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी उभ्या राहिल्या. आत रोल नाही हे सांगायचा मला धीर झाला नाही. त्या अजूनही जिन्यात भेटल्या की फोटो मागतात.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. शिंपी म्हणाले, "माप डोळ्याने घ्यायचं, कॅमेऱ्याने नाही." मावशी म्हणाल्या, "बायकोला अर्धी वळवून बसवा, बारीक दिसते." हे बायकोने ऐकले आणि दोन दिवस मावशींशी बोलली नाही. माझ्याशी चार दिवस. प्रयोगकाकांचा सल्ला असा की रोल घालताना प्रकाशाचा कणसुद्धा आत जाता कामा नये. म्हणून मी रजई पांघरून, कपाटात डोके घालून, भर उन्हाळ्याच्या दुपारी रोल घातला. बाहेरून काका सूचना देत होते. "टोक सापडलं का? चक्रीत खोवा! खोवलं का?" मला घामाने काही सुचत नव्हते. मी म्हणालो, "खोवलं." झाकण लावून बाहेर आलो तेव्हा शिंप्यांनी मला पाणी दिले.

रविवारी सकाळी साडू आले. बायको निळे कपडे घालून खिडकीशी स्टुलावर बसली. साडूंनी खिडकीकडे पाहिले, पडदा चार बोटे सरकवला, आणि मग माझ्याकडे वळून अत्यंत नम्रपणे म्हणाले, "एक पांढरी चादर मिळेल का? आणि ती धरायला कोणीतरी?"

कोणीतरी म्हणजे कोण, हे उघडच होते. मेहुणी स्वयंपाकघरात चहा करत होती.

तर मी तासभर हात वर करून चादर धरून उभा होतो. चादरीवरून उजेड उलटून बायकोच्या गालावर पडावा, असा त्यात हेतू. माझ्या खांद्यांत गोळे आले. साडू डोळ्याला कॅमेरा लावायचे, म्हणायचे, "थांब... थांब... हं." आणि मग एकदाच खट्. पुन्हा पाच मिनिटे शांतता. माझे सगळे लक्ष त्यांच्या हातांकडे होते. ते बोट कसे ठेवतात, चक्री कशी फिरवतात, केव्हा श्वास धरतात. माझ्या घरात, माझ्या खिडकीशी, माझ्या बायकोला हा माणूस "थांब" म्हणतो आणि ती थांबते! मी सव्वीस वर्षांत तिला एकदाही थांबवू शकलेलो नाही.

मग माझी पाळी आली. साडू म्हणाले, "आणा, चादर मी धरतो."

"मला चादर लागत नाही," मी म्हणालो.

तोपर्यंत खिडकीतला उजेड सरकला होता आणि बायकोचा धीर संपत आला होता. "लवकर आटपा, कपडे भिजत घातलेत," ती म्हणाली. मीही "थांब" म्हणून पाहिले. "थांबले तर आहे! आणखी काय करू?" असे उत्तर आले. पण कॅमेरा छान चालला होता. चक्री हलकी फिरत होती. तीस झाले, पस्तीस झाले, अडतीस झाले, तरी थांबेना. एकेचाळीस फोटो काढल्यावर मी विजयी मुद्रेने कॅमेरा खाली ठेवला.

"एकेचाळीस?" साडू म्हणाले. "रोलमध्ये छत्तीसच असतात हो."

"वापरणाऱ्यावर असतं," मी म्हणालो. "काटकसरीने वापरला की पुरतो."

साडू नुसते हसले. मला वाटले, जळला.

रोल धुऊन देणारी प्रयोगशाळा आता दुसऱ्या गावात एकच उरली आहे. तिथे कुरिअरने पाठवावे लागते, आणि कुरिअरचे दुकान माझ्या कचेरीच्या शेजारी आहे. म्हणून साडूंनी आपलाही रोल विश्वासाने माझ्याकडे दिला. त्यांचा काळ्या झाकणाच्या डबीत होता. माझा गोळ्यांच्या रिकाम्या डबीत होता, तिचे झाकण पांढरे. हे रंग लक्षात ठेवा. मी ठेवले होते, आणि त्यानेच घात झाला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी कुरिअरच्या दुकानात गेलो.

"यात काय आहे?" काउंटरवरच्या बाईंनी विचारले.

"फिल्मचे रोल."

"संगणकात रोल नाही. कागदपत्रं, कपडे, औषधं, सुटे भाग, आणि इतर."

"इतर."

"इतर असेल तर उघडून दाखवावं लागतं."

"उघडून दाखवता येत नाही. उजेड लागला की खराब होतो."

"म्हणजे नाशवंत माल आहे?"

"नाशवंत नाही हो. बंद राहिला तर दहा वर्षं टिकतो."

"मग उघडा."

मी त्यांना फिल्म म्हणजे काय हे समजावले. रांगेतल्या तीन लोकांनीही समजावून घेतले. एकाने विचारले, "पण काढलेला फोटो दिसत नसेल तर काढला कशावरून?" हा प्रश्न इतका खोल होता की तो मला अजून पडलेला आहे. बाईंनी दोन्ही डब्या उघडल्या, आतले रोल बाहेर काढून वजनकाट्यावर ठेवले, वजन लिहिले, आणि रोल पुन्हा डब्यांत घालून त्यांच्या साहेबांना बोलावले.

साहेब आले. त्यांनी नियमांची वही उघडली. "एकसारखे दोन नग आहेत ना? मग सोपं आहे. एकसारखा माल असेल तर एक नग तपासायचा, दुसरा तसाच जातो. कोणता उघडू?"

आता मी इथे खरे बोलणार आहे, कारण पुढे सगळ्यांसमोर बोलावे लागलेच. दुकानाच्या काचेतून समोरच्याच रस्त्यावर दुसऱ्या कुरिअरची पाटी मला दिसत होती. चांगली मोठी, लाल अक्षरांत. मी डब्या उचलून तिकडे जाऊ शकलो असतो. आधी फोन करून साडूंना विचारू शकलो असतो. माझाच उघडा, असे म्हणू शकलो असतो. हे सगळे पर्याय माझ्या डोळ्यांसमोरून गेले. त्यांच्या मागोमाग वाचनालयाची भिंत आली, आठवा खिळा आला, त्याखाली साडूंचे नाव आले, आणि त्या नावासमोर चार मिनिटे उभी असलेली माझी बायको आली.

मी काळ्या झाकणाची डबी पुढे सरकवली.

साहेबांनी रोल काढला, टोक पकडले, आणि शिंपी कापड मोजतो तशी सगळी फिल्म हातभर, दोन हात, तीन हात बाहेर ओढली. खिडकीकडे धरून पाहिली. "कोराच आहे की," ते म्हणाले. "धोका नाही. दुसरा जाऊ द्या."

मी ती गुंतवळ खिशात कोंबली. कचेरीपर्यंत पावलागणिक ती खिशात करकर वाजत होती. पावती भरताना फोटो पाठवण्यासाठी मी बायकोचा नंबर दिला होता, कारण माझे फोटो आधी तिने बघावेत अशी माझी इच्छा होती.

तीन दिवसांनी मी साडूंना फोन केला आणि आवाज शक्य तितका पडेल ठेवून सांगितले, "भाऊ, वाईट बातमी. प्रयोगशाळेने कळवलंय, तुमचा रोल खराब निघाला. उजेड लागला म्हणे."

ते म्हणाले, "असू दे हो. तुमचा तर आहे ना? तुमचे चांगले येतील. घरचाच फोटो लागेल, त्यापेक्षा काय हवं?"

त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला शांत झोप लागली असती. वर त्यांनी मला शुभेच्छा दिल्या. दुसऱ्याला इतके चांगले वागता येते, याचाही हेवा वाटू शकतो हे मला त्या दिवशी कळले.

फोटो आले ते बायकोच्या फोनवर, शनिवारी संध्याकाळी. तिने ते एकटीने पाहिले नाहीत. "सगळ्यांनी मिळून बघू," असे म्हणून ताई-भावजींना बोलावले. मग ते टीव्हीवर लावले. पहिला फोटो उमटला.

बायको खिडकीशी बसली होती. नुसती बसली होती, पण ती कोण आहे ते कळत होते. ती कशी वाचते, कशी रागावते, एखादे फाटलेले पुस्तक हातात कसे धरते, सगळे त्या चेहऱ्यात होते. माझा ऊर भरून आला. मला ठाऊकच नव्हते की माझ्यात हे आहे.

"अहो!" बायको म्हणाली, आणि माझ्याकडे वळून पाहिले. त्या 'अहो'साठी मी आणखी दहा रोल उघडून दिले असते.

"इथे जरा थांबलो," मी दुसऱ्या फोटोच्या वेळी सांगितले. "फिल्म माणसाला थांबायला शिकवते." साडूंनी माझ्याकडे पाहिले. तिसऱ्याला मी म्हणालो, "उजेड बघा. चादरीबिदरीची गरज नसते, नजर लागते." चौथ्यात बायको खळखळून हसत होती. "हाच!" मेहुणी ओरडली. "हाच लावायचा भिंतीवर!" पाचव्या आणि सहाव्या फोटोच्या वेळी मी मीटरच्या फोटोंचा माझा अनुभव इथे कसा कामी आला ते थोडक्यात सांगितले.

सातवा फोटो उमटला. त्यात डाव्या बाजूला, हात वर करून, पांढरी चादर धरून, मी उभा होतो.

माणसाच्या आयुष्यात काही क्षण असे येतात की जमीन दुभंगली तर बरे, असे वाटते. आमची जमीन नवीन फरशीची आहे.

"अय्या, हे तर तुम्ही!" मेहुणी म्हणाली. "मग फोटो कोणी काढला?"

"टायमर," मी म्हणालो. "आपोआप निघतो."

"प्रयोगकाकांच्या कॅमेऱ्याला टायमर नाही," साडू हळूच म्हणाले. "मी पाहिलाय तो."

बायकोने टीव्हीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. ती ग्रंथपाल आहे. कोणी पुस्तकाचे पान फाडून आणले तर तोंडावरून ओळखते. "सांगा," ती म्हणाली.

मी सांगितले. कुरिअर, संगणक, वजनकाटा, नियमांची वही, काळे झाकण. बोलता बोलता मलाच उलगडा झाला की वजनकाट्यावरून उतरवताना बाईंनी रोलांची अदलाबदल केली होती, आणि माझे लक्ष त्या वेळी रोलांकडे नव्हते, स्वतःच्या मनाकडे होते. साडूंचा समजून मी उघडून दिला तो माझाच रोल होता. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले. आणि ते धुपाटणे कचेरीतल्या माझ्या खणात पडले होते.

मग साडूंनी विचारले, "माझा रोल उघडतायत असं समजून तुम्ही बघत होतात. तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं," मी म्हणालो. "बरं वाटलं."

खोटे बोलायची ताकद संपली होती, दुसरे काही नाही. साडूंचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदाच पडलेला पाहिला, आणि ज्यासाठी मी जन्मभर टपलो होतो ते मिळाल्यावर मला ते अजिबात नकोसे झाले. मी म्हणालो, "भाऊ, चुकलं माझं." हे शब्द साडूंसमोर उच्चारायला मला सव्वीस वर्षे लागली होती.

त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तुमच्या रोलमध्ये तसंही काही नव्हतं," ते म्हणाले. "एकेचाळीस फोटो निघाले तेव्हाच कळलं मला. फिल्म चक्रीत अडकलीच नव्हती. नुसती चक्री फिरत होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतके खुशीत होतात. म्हटलं, तुमचे आले नाहीत तर माझ्यातलाच एखादा तुम्हाला देऊ. नाव तुमचं लावू."

मी त्यांच्या पायाशी बसून रडावे की त्यांना एक ठेवून द्यावी, हे मला ठरवता येईना. शेवटी मी चहा करायला गेलो.

बायकोने शिक्षा सुनावली, आणि ती मी मुकाट्याने मान्य केली. चौथा फोटो, हसणारा, भिंतीवर लागेल. तो चौकटीत बसवून मी वाचनालयात नेईन. मीच तो टांगीन. आणि माझे अक्षर चांगले असल्यामुळे खालची पट्टी मीच लिहीन, तिच्या नावाखाली, बारीक पण वाचता येईल अशा अक्षरांत: छायाचित्र, आणि पुढे साडूंचे पूर्ण नाव. मी ते तीनदा लिहिले. पहिल्या दोन वेळा शाई फुटली.

टांगायच्या दिवशी वाचनालयात गर्दी होती. सचिव म्हणाले, "आमच्या भिंतीवर पहिल्यांदा कोणीतरी हसतंय!" सगळे साडूंचा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते. साडू नम्रपणे उभे होते. मी शिडीवर होतो. कोणीतरी मला खालून सांगितले, "अहो, जरा उजवीकडून वर घ्या." त्याला वाटले, मी चौकटीच्या दुकानातून आलोय.

लोक पांगल्यावर मी खाली उतरलो आणि फोटोसमोर उभा राहिलो. माझ्या पोटात अजून दुखतच होते. मला त्या फोटोत काहीतरी खोट काढायची होती, आणि ती सापडली. बायकोची नजर सरळ नव्हती. ती जरा बाजूला बघत होती.

"काय बघताय एवढं?" बायको शेजारी येऊन उभी राहिली.

"तू कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेस," मी जरा आनंदानेच म्हणालो. "चूक आहे ही. भाऊंच्या लक्षात आली नाही."

"कशी बघणार कॅमेऱ्याकडे? तुमच्याकडे बघत होते. भावजींनी थांब म्हटलं की चादरीच्या कडेने डोकावून तुम्ही त्यांची नक्कल करत होतात. तोंडातल्या तोंडात, थांब, थांब, आणि नाकपुड्या फुगवून. मला हसू आवरेना." तिला आताही आवरेना. तिने तोंडावर हात धरला, कारण वाचनालयात मोठ्याने हसायचे नाही असा नियम तिचाच होता.

मला नक्कल केल्याचे आठवत नव्हते. मी पुन्हा फोटोकडे पाहिले. चौकटीच्या डावीकडे नुसती भिंत होती. पण तिची नजर जिथे लागली होती तिथे तो माणूस उभा होता, हात वर करून, आणि सव्वीस वर्षांनंतरही ती त्याच्याकडे बघून अशी हसत होती. त्या माणसाचा मला जितका हेवा वाटला तितका साडूंचासुद्धा कधी वाटला नव्हता. बिचारा साडूंवर जळत उभा होता. त्याचे तिच्याकडे लक्षच नव्हते.